रविवारची हजेरी

मराठीत समीक्षा म्हटली की ती कवितेची असते, कादंबरीची असते, फारच झाले तर एखाद्या नाटकातल्या नेपथ्याची असते. मी आज जी कृती समीक्षेला घेतली आहे ती अवघ्या सहा शब्दांची आहे. तिला मुखपृष्ठ नाही, प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही. आणि तिच्यावर कुठे परिसंवाद झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ती संगणकाच्या पडद्यावर उमटते, आणि ज्याच्यासमोर उमटते तो बहुधा कपाळाला हात लावून पुढच्या कामाला लागतो. वाक्य असे : ‘द प्रोग्रॅम हॅज नो रजिस्टर्स नाऊ.’ म्हणजे, ‘प्रोग्रॅमला सध्या रजिस्टरे नाहीत.’

शाळेत ‘कोण, कोणास व केव्हा म्हणाले?’ हा प्रश्न हमखास यायचा. तेव्हा आधी तेवढे उरकून घेऊ. कोण? जीडीबी नावाचा डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८६ साली पहिल्यांदा लोकांच्या हाती दिला आणि त्यानंतर असंख्य हातांनी तो वाढवला, म्हणजे त्याचे कर्तृत्व एखाद्या जुन्या ओवीइतके सामुदायिक आहे. कोणास? प्रोग्रॅम चालू करण्याआधीच ‘इन्फो रजिस्टर्स’ असा हुकूम सोडणाऱ्या उतावळ्या इसमास. केव्हा? हा ‘केव्हा’च आजचा विषय आहे.

डीबगर म्हणजे प्रोग्रॅमच्या वाटेवरचा जकातनाका. चालता प्रोग्रॅम मध्येच अडवायचा, ताडपत्री उचलून आत काय माल आहे ते बघायचे, चार प्रश्न विचारायचे आणि ‘हं, जा पुढे’ म्हणून सोडून द्यायचे. फरक एवढाच की इथे चिरीमिरी चालत नाही.

राहिले रजिस्टर. मराठी माणसाला रजिस्टर म्हटले की तीन गोष्टी आठवतात : शाळेचा हजेरीपट, ऑफिसातले मस्टर आणि घरच्यांना न विचारता केलेले लग्न. प्रोसेसरमधली रजिस्टरे ही चौथी जात. सोनार कामाला बसला की हाताशी चारदोन छोट्या वाट्या ठेवतो. एकीत तुकडा, एकीत मणी, एकीत डाग द्यायचा पदार्थ. बाकीचा माल मागच्या कपाटात. प्रोसेसरचे तसेच आहे. कपाट म्हणजे मेमरी, आणि वाट्या म्हणजे रजिस्टरे. सध्याच्या इंटेल वळणाच्या ६४ बिटी प्रोसेसरला साधारण कामाच्या अशा १६ वाट्या असतात. शिवाय पुढची आज्ञा कुठे आहे ते सांगणारी एक आणि मागच्या हिशेबात हातचा आला का, उत्तर शून्य आले का, असल्या बारीकसारीक खुणा ठेवणारी एक.

आता गंमत अशी की सोनार एक आणि गिऱ्हाइके शंभर. एकाच प्रोसेसरवर पाळीपाळीने अनेक प्रोग्रॅम चालतात. एकाची पाळी संपली की ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्या वाट्यांतला ऐवज त्याच्या नावाच्या पुडीत बांधून ठेवते, आणि पुन्हा पाळी आली की पुडी सोडून वाट्या होत्या तशा भरते. डीबगर आपल्याला दाखवतो तो या पुडीतला ऐवज. पण जो प्रोग्रॅम अजून सुरूच झालेला नाही, तो नुसती फाईल होऊन डिस्कवर पडलेला असतो. त्याला पाळी नाही, म्हणून पुडी नाही. त्याच्या रजिस्टरांत काय आहे असे विचारणे म्हणजे लग्नपत्रिका छापखान्यात असताना सूनबाईंच्या हातचे पिठले कसे झाले होते म्हणून चौकशी करण्यासारखे आहे.

या चौकशीला जीडीबी जे उत्तर देतो त्याचे आता रसग्रहण करू. पहिला गुण म्हणजे तो ‘शून्य’ म्हणत नाही, ‘नाहीत’ म्हणतो. दुसरा गुण शेवटच्या शब्दात आहे, आणि त्या शब्दावर माझा जीव आहे : ‘नाऊ’. सध्या. आत्ता या घटकेला. म्हणजे थोड्या वेळाने असतील, मघाशी असतीलही. ‘साहेब जागेवर नाहीत’ आणि ‘असे कुणी साहेब इथे नाहीत’ या दोन वाक्यांत भेटायला आलेल्या माणसाच्या दृष्टीने जेवढे अंतर आहे, तेवढे या एका ‘सध्या’ने पडते. पहिले ऐकून माणूस बाकड्यावर बसतो, दुसरे ऐकून रिक्षा शोधू लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढे कौतुक कशाला? रजिस्टरांत काही नाही ना, मग सगळीकडे शून्य दाखवावे. पडदाही भरलेला दिसतो आणि काम संपते. हा विचार फार लोकांना सुचतो, आणि सज्जन लोकांना आधी सुचतो, म्हणून त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे.

हजेरीपटाचेच घ्या. रविवारी शाळा बंद. मास्तर त्या रकान्यात तांबड्या शाईने वरून खाली ‘र वि वा र’ असे लिहून मोकळे होतात. समजा, एखाद्या शिस्तप्रिय मास्तरांना रकाना असा अर्धवट दिसणे रुचले नाही आणि त्यांनी प्रत्येक मुलापुढे गैरहजेरीची खूण केली. गणिताने काही चुकले का? नाही. रविवारी वर्गात हजर मुले शून्य, हे अगदी खरे आहे. पण महिनाअखेर चाळीस बापांना चिठ्ठ्या जातील, आणि चाळीस मुलांना घरोघर प्रसाद मिळेल, तो ज्या दिवशी शाळाच नव्हती त्या दिवसाबद्दल. गैरहजर असायलासुद्धा आधी शाळा भरावी लागते.

या बाबतीत आपली सरकारी मराठी, जिची आपण एरवी यथेच्छ थट्टा करतो, ती पुष्कळच पुढारलेली आहे. मोजले आणि एकही निघाले नाही, तर तिथे ‘निरंक’ लिहितात. प्रश्नच आपल्याला लावता येत नसेल तर ‘लागू नाही’. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तो गृहस्थ अर्जातल्या ‘वाहन क्रमांक’ या रकान्यात शून्य लिहीत नाही. लिहिले तर शून्य क्रमांकाची गाडी शोधत कुणीतरी घरी यायचे. विदाकोशांच्या जगात हीच भानगड उपटली तेव्हा, रिलेशनल पद्धतीचे जनक एडगर कॉड यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात रिकाम्या जागेच्या दोन जाती पाडल्या : माहिती असायला हवी पण हाती नाही ती एक, आणि माहिती लागूच होत नाही ती दुसरी. आमच्या तलाठ्यांना हे बरेच आधी कळलेले होते, फक्त त्यांनी ग्रंथ लिहिला नाही.

जीडीबी तर जातींच्या बाबतीत कॉडसाहेबांच्याही पुढे आहे. प्रोग्रॅम चालू असताना एखादी किंमत दाखवता येत नसेल तर तो का दाखवता येत नाही त्याप्रमाणे शब्द बदलतो. कंपायलरने काटकसरीत ती किंमतच काढून टाकली असेल तर ‘ऑप्टिमाइझ्ड आऊट’. आतल्या फंक्शनमध्ये शिरताना बाहेरच्याचे रजिस्टर कुणी जपून ठेवले नसेल तर ‘नॉट सेव्हड’. आधी टिपून ठेवलेल्या नोंदीत ती आलेलीच नसेल तर ‘अनअव्हेलेबल’. फेकले, जपले नाही, आणि टिपले नाही : तीन प्रकारच्या अभावांना तीन शब्द. आमच्या घरी साखर संपली की ‘नाहीये’ या एकाच शब्दावर भागवतात. कुणी संपवली याचा तपास वेगळा करावा लागतो.

शून्यवाल्यांच्या बाजूनेही एक साक्षीदार आहे, त्याला बोलावले पाहिजे. डॉसच्या जमान्यात ‘डीबग’ नावाचा एक चिमुकला प्रोग्रॅम मिळायचा. टिम पॅटरसन यांनी तो लिहिला. डॉसचा मूळ पुरुष जो ८६-डॉस, तोही त्यांनीच १९८० साली लिहिला होता. हा डीबग भारी अबोल. तो सुरू झाला की पडद्यावर एक आडवी रेघ मारून बसायचा; नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्याला ‘आर’ म्हटले की प्रोग्रॅम चालण्याआधीच रजिस्टरांचा तक्ता ओळीने मांडायचा : एएक्स शून्य, डीएक्स शून्य, आयपी ०१००, आणि शेवटी ‘एनव्ही यूपी ईआय पीएल एनझेड एनए पीओ एनसी’ असा एक बीजमंत्र. हा मंत्र म्हणजे आठ निशाणांची अवस्था असते. पण मांत्रिकाच्या थाटात म्हटला तर विंचू उतरेल असे वाटते.

मग डीबग खोटे बोलत होता का? मुळीच नाही. डॉसमध्ये डीबगर आणि प्रोग्रॅम एकाच खोलीत राहात. फाईल वाचली की ती तिथल्या तिथे मेमरीत मांडली जाई, आणि ‘जी’ म्हणजे ‘जा’ म्हटल्याबरोबर तक्त्यातले आकडे जसेच्या तसे प्रोसेसरच्या वाट्यांत ओतले जात. तुम्ही तक्त्यात एएक्स बदलून पाच केलात तर प्रोग्रॅम पाच घेऊनच उठे. म्हणजे ते शून्य वचन होते, आणि वचन पाळले जात होते. एवढेच नव्हे, तर बीएक्स आणि सीएक्स या जोडीत त्याने वाचलेल्या फाईलची लांबी भरून ठेवलेली असे. फाईल परत लिहायची झाली तर किती बाइट लिहायचे, हे तो त्यावरून ठरवी. शेजाऱ्याच्या वाटीत आपली सुपारी ठेवण्याचाच हा प्रकार; पण आपली आहे ती उघड्यावर ठेवलेली.

आजच्या डीबगरला हे वचन देता येत नाही. प्रोग्रॅम सुरू करण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचे. ती कुठल्या वाटीत काय घालील ते तिच्या मर्जीवर. डीबगर त्या क्षणापर्यंत दाराबाहेर उभा. तेव्हा त्याने आधीच शून्याचा तक्ता मांडणे म्हणजे निकाल लागण्यापूर्वीच पेढे वाटणे, तेही दुसऱ्याच्या मुलाच्या नावाने.

यातले विष कुठे आहे ते आमच्या कचेरीत मी डोळ्यांनी पाहिले. तिथे जीडीबीच्या वर बसवलेली एक घरगुती खिडकी होती. कळफलकावर हुकूम टाइप करायचा ज्यांना कंटाळा, त्यांच्यासाठी बटणे आणि रंगीत तक्ते. ती लिहिणारे गृहस्थ केव्हाच अमेरिकेला गेले होते. (न समजणाऱ्या कोडाचा कर्ता नेहमी अमेरिकेलाच गेलेला असतो; पंढरपूरला गेलेला मी अजून पाहिला नाही.) या खिडकीची खोड अशी की ती उघडताक्षणी सोळाच्या सोळा रजिस्टरांपुढे शून्य मांडून तयार. खाली जीडीबी इमानाने ‘सध्या नाहीत’ म्हणून सांगत असे, आणि वर आमची खिडकी ते ऐकून न ऐकल्यासारखे करून शून्ये दाखवी. साक्षीदार खरे बोलतोय आणि दुभाषा भलतेच सांगतोय, असा तो खटला होता.

त्या सुमाराला उमेदवारीवर लागलेला एक मुलगा यात सापडला. त्याने यादीतल्या आकड्यांची बेरीज करणारा छोटासा तुकडा असेंब्लीत लिहिला होता. बेरीज आरएएक्स या रजिस्टरात. असल्या कामात पहिली ओळ रजिस्टर पुसण्याची असते; पाटीवर गणित मांडण्याआधी बोळा फिरवतात तशी. याने ती लिहिली नाही. सुटा चालवला तेव्हा उत्तर बरोबर. दुसऱ्या एका सी प्रोग्रॅममधून बोलावला की उत्तर चूक. आणि चूक तरी एकसारखी असावी, तर तीही दर वेळी वेगळी. दोन दिवस पोरगा जेवणाच्या सुट्टीतही जागचा उठला नाही.

आमचे साहेब शेवटी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

“अरे, आरएएक्स आधी शून्य करायचं असतं, एवढंसुद्धा शिकवलं नाही का तुला कॉलेजात?”

“सर, ते शून्यच असतं.”

“कोण म्हणतं?”

मुलाने काही न बोलता खिडकीकडे बोट दाखवले. सोळा शून्ये एका ओळीत, कवायतीला उभी असल्यासारखी.

आणि दैवाची थट्टा बघा : सुट्या प्रोग्रॅमपुरते ते शून्य खरेही होते! लिनक्स नवा प्रोग्रॅम सुरू करताना ही साधी रजिस्टरे धुऊनपुसून देतो. मागे उरलेले कर्नेलचे काही परक्याच्या हाती लागू नये म्हणून. पण हा लिनक्सचा शेजारधर्म झाला. या यंत्रणेचा जो लेखी करार आहे, त्यात बहुतेक रजिस्टरांबद्दल सुरुवातीला अमुकच असेल असे कुठलेही आश्वासन नाही. आणि सी प्रोग्रॅमने मध्येच बोलावले की आरएएक्समध्ये मागच्या कामाचे जे काही उरले असेल ते असते. म्हणजे एक शून्य खरे, पण कबूल न केलेले. दुसरे शून्य नुसते रंगवलेले. दोन्ही दिसायला जुळी. मुलाने रंगवलेल्यावर विश्वास टाकला, खऱ्याने योगायोगाने त्याला दुजोरा दिला, आणि तिसऱ्याच ठिकाणी घात झाला. बरे, प्रोग्रॅम संपल्यावर बघायला जावे तर खिडकी पुन्हा शून्ये मांडून बसलेली.

साहेबांनी त्याच्या उमेदवारीच्या अहवालात त्या दिवशी शेरा लिहिला : ‘मूलभूत ज्ञान कच्चे.’ या तीन शब्दांवर एका मुलाचे कायम होणे न होणे अवलंबून होते, तेव्हा ती समीक्षा माझ्या समीक्षेपेक्षा जास्त वजनदार होती हे मान्य केले पाहिजे.

खिडकी दुरुस्त करायची असे ठरले आणि सभा भरली. दुरुस्तीला एक सकाळ लागली. सभेला तीन आठवडे. पहिली सूचना आली ती अशी की शून्याऐवजी मागच्या खेपेचे आकडे राहू द्यावेत, काहीतरी दिसलेले बरे. ही सूचना मयताच्या नावावर रेशन उचलण्यापैकी होती. शून्य निदान संशयास्पद तरी दिसते. मागच्या खेपेचे आकडे चांगले हसतेखेळते, ताजेतवाने दिसतात, आणि तो प्रोग्रॅम जाऊन तासभर झालेला असतो.

साहेबांची सूचना जास्त विचारी होती. “निदान प्रोग्रॅम कुठून सुरू होणार तो पत्ता तरी दाखवा. तो फाईलमध्ये लिहिलेला असतो ना?” असतो. पण लिनक्सवर हल्लीचे बहुतेक प्रोग्रॅम कुठेही मांडता येतील असे बांधलेले असतात. फाईलमध्ये लिहिलेला पत्ता असतो १०६० सारखा चार आकडी. आणि जीडीबीखाली प्रत्यक्ष चालू झाला की तोच होतो ५५५५५५५५५०६०. शिवाय पहिली आज्ञा प्रोग्रॅमची नसतेच. आधी लोडर नावाचे स्वागताध्यक्ष उठतात, लागणारी लायब्ररी गोळा करतात, आणि मग मूळ वक्त्याला बोलू देतात. म्हणजे तो पत्ता दाखवला तर तो घराचाही चूक आणि माणसाचाही चूक.

मग कुणी म्हणाले, रकाने नुसते कोरे ठेवा. यावर चाचणी विभागातल्या बाई, ज्यांचे म्हणणे आमच्याकडे शेवटचे असे, त्या म्हणाल्या, “अहो, कोरं दिसलं की लोक मला फोन करतात. खिडकी बिघडलीय म्हणून. तुम्हाला नाही, मला करतात.” हा मुद्दा बिनतोड होता. कोरेपणाचेही दोन अर्थ होतात : काही नाही, किंवा काहीतरी मोडले आहे. जुन्या मुंबईच्या टॅक्सीत गाडी रिकामी असली की मीटरची झेंडी उभी दिसायची. नुसता मीटर कोरा ठेवला असता तर माणूस ‘बिघडलाय वाटतं’ म्हणून पुढच्या टॅक्सीकडे गेला असता. अभावालाही स्वतःची खूण लागते.

असल्या खुणेचा एक अघोरी नमुना मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरात आहे. डीबगसाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये, अजून कुणी काही न भरलेल्या स्थानिक जागेत तो मुद्दाम सीसी, सीसी, सीसी असे हेक्साडेसिमल आकडे भरून ठेवतो. शून्य भरले तर ते खऱ्यासारखे दिसेल म्हणून. हेच बाइट चिनी लिपीच्या एका जुन्या संकेताने वाचले तर ‘थांग’ हे अक्षर उमटते, आणि त्याचा अर्थ ‘चटका बसेल इतके गरम’. त्यामुळे चिनी प्रोग्रॅमरांच्या पडद्यावर चूक झाली की ‘थांग थांग थांग थांग’ अशी आरोळी उठते. रिकाम्या भांड्याने स्वतःच ‘हात लावू नका’ म्हणून ओरडावे, याहून चांगली सोय कोणती?

शेवटी आम्ही रेघ मारली. प्रोग्रॅम चालू नसेल तर प्रत्येक रजिस्टरापुढे आडव्या रेघा, आणि त्यासुद्धा आकड्याइतक्याच लांब, म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाल्यावर रकाने दचकून सरकणार नाहीत. वर एक ओळ : ‘प्रोग्रॅम सुरू झालेला नाही, सुरू करण्यासाठी हिरवे बटण दाबा.’ मूळ रोग एवढाच निघाला की खिडकीने आकडे ठेवायची जागा आधी शून्याने पुसून घेतली होती, आणि चित्र काढताना ‘आत कुणी आहे का?’ हे न विचारताच ती काढत होती. आता प्रत्येक किमतीशेजारी ‘आहे’ की ‘नाही’ याची वेगळी खूण आली.

दुरुस्तीत एक जुने दुखणेही बरे झाले. बदललेले रजिस्टर खिडकी तांबड्या रंगात दाखवी. पूर्वी प्रोग्रॅम सुरू झाला की शून्यावरून ज्यांना किंमत आली ती सगळी एकदम लाल व्हायची, होळी पेटल्यासारखी. आणि ज्या रजिस्टरात खरोखरीचे शून्य आले ते बिचारे काळेच राहायचे, जणू त्याच्या बाबतीत काही घडलेच नाही. रेघेवरून शून्यावर येणे ही घटना आहे, हे खिडकीला त्या दिवशी प्रथम समजले.

आता समीक्षक म्हटल्यावर दोषदिग्दर्शनही आलेच. नाहीतर लोक म्हणतील जीडीबीचे आणि याचे साटेलोटे आहे. पहिला दोष पाठभेदाचा. एकाच परिस्थितीत ‘इन्फो रजिस्टर्स’ला उत्तर मिळते ‘प्रोग्रॅमला सध्या रजिस्टरे नाहीत’. प्रोग्रॅम काउंटर छापायला सांगितला तर नुसते ‘नो रजिस्टर्स’. आणि जीडीबीच्या चौकटीवाल्या रूपात रजिस्टरांचा भाग उघडला तर मधोमध ‘रजिस्टर व्हॅल्यूज अनअव्हेलेबल’ अशी पाटी. यातली तिसरी मला खटकते. ‘उपलब्ध नाहीत’ म्हणजे कुठेतरी आहेत, पण तुम्हाला मिळत नाहीत. रेशनच्या दुकानात तांदूळ उपलब्ध नाही म्हणतात तेव्हा तो कुठे आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक असते. न सुरू झालेल्या प्रोग्रॅमची रजिस्टरे कुठल्याच गोदामात नाहीत.

दुसरा दोष स्वभावाचा. वाक्य खरे आहे, नेमके आहे, पण कोरडे आहे. ‘साहेब जागेवर नाहीत’ असे सांगणाऱ्याने ‘बसा, येतील’ एवढे म्हणायला काय हरकत होती? प्रोग्रॅम ‘रन’ने सुरू करा, किंवा अगदी पहिल्या आज्ञेपाशी थांबायचे असेल तर ‘स्टार्टआय’ म्हणा, एवढे पुढे जोडले असते तर नवशिक्याचे पाणी पळाले नसते. हा ‘स्टार्टआय’ २०१८ साली आलेल्या ८.१ या आवृत्तीपासून आहे, आणि त्याने थांबून बघितले की लिनक्सची ती धुतलेली, खरीखुरी शून्ये प्रत्यक्ष दिसतात. रंगवलेली आणि खरी यांतला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर हाच तीर्थक्षेत्राचा घाट.

एवढे दोष जमेस धरूनही माझे मत कायम आहे. ज्याचे काम खरे सांगणे, त्याने माहीत नसलेल्या ठिकाणी सोयीचा आकडा भरू नये. तिथे काही नाही असे म्हणावे, आणि जमल्यास ‘सध्या’ म्हणावे. हे डॉक्टरांच्या रिपोर्टाला लागू आहे, खानेसुमारीला लागू आहे, आणि जेमतेम सहा महिने काम केलेल्या मुलाबद्दल लिहायच्या शेऱ्यालाही लागू आहे.

त्या शेऱ्याचे काय झाले, हे वाचकांना सांगायला हवे. खिडकीत रेघा आल्या त्या संध्याकाळी साहेबांनी अहवालाची फाईल पुन्हा मागवली. शेरा खोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आणि रजिस्टर पुसायची ओळ मुलाने लिहिली नव्हती, हेही खरेच होते. त्यांनी पेन काढले आणि मधल्या जागेत एक शब्द घुसवला : ‘मूलभूत ज्ञान सध्या कच्चे.’ मुलगा पुढच्या महिन्यात कायम झाला. हल्ली तो नव्या मुलांना असेंब्ली शिकवतो, आणि पहिल्या दिवशी त्यांना प्रोग्रॅम सुरू न करताच रजिस्टरे बघायला सांगतो.